दोन मात्रांचा हात

आमच्या माहेरी बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. आईनं मरेपर्यंत घेतलं नाही. पण ही गोष्ट 'हे' आणि 'ते' करत सांगायला बसले तर ऐकणाऱ्याच्या डोक्याचा भुगा होईल, म्हणून सरळ गंगाधर म्हणते. गंगाधर म्हणजे माझे मिस्टर, कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत असिस्टंट. मी इंदिरा, मुलींच्या शाळेत मराठी शिकवायची. गंगापूर रोडला यशोदाबाईंच्या घरामागच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्यानं राहायचो आणि हे सगळं घडलं ते आणीबाणीच्या दुसऱ्या वर्षी.

त्या वर्षी माझ्या नावाची थट्टा करायलाही लोक घाबरायचे. आधी स्टाफरूममध्ये कुणी ना कुणी म्हणायचंच, "इंदिराबाई, हुकूम सोडा, चहा मागवा." आता कुणी म्हणेना. आमच्या समोरच्या गल्लीतल्या वकिलांना सकाळी दूध आणायला गेले असताना उचललं होतं. ते नाशिकरोडच्या तुरुंगात आहेत एवढं कळायलासुद्धा घरच्यांना बरेच दिवस लागले. त्यांची बायको भाजीवालीपाशी आली की आम्ही सगळ्याजणी एकदम मेथीची जुडी निरखायला लागायचो. मीही त्यातच. भ्यायले होते, दुसरं काय.

आणि अशा दिवसांत माझ्या नवऱ्याला बिनतारीचं लायसन काढायचं सुचलं.

शॉर्टवेव्हवर कान लावून बसायची सवय त्यांना लग्नाआधीपासूनची. रेडिओ स्टेशनांच्या मधल्या खरखरीत त्यांना माणसं सापडायची. कुणी बंगलोरचा डॉक्टर, कुणी सिलोनचा चहामळेवाला, आपापल्या घरात बसून हवेतून एकमेकांची खुशाली विचारणारे. अशा हौशी लोकांना सरकार परवाना देतं हे त्यांना कळलं आणि माणूस खुळावला. दिल्लीच्या खात्याची परीक्षा द्यायची. त्यात विजेची माहिती, कायदेकानू आणि मोर्स. पास झालात की पोलीस घरी येऊन चौकशी करणार, मग दिल्लीहून तुमच्या नावाची खूण मिळणार, हवेत त्याच खुणेनं बोलायचं. तोपर्यंत ऐकायचं फक्त. पाठवलंत तर गुन्हा. आणि त्या वर्षी गुन्हा म्हटलं की आधी दंड आठवत नव्हता, समोरचे वकील आठवायचे.

विजेचं सगळं त्यांना पाठ होतं. घोडं अडलं मोर्सवर. टेबलावर एक बटण ठोकून, त्याला पिपाणीसारखा वाजणारा बझर जोडून ते रोज संध्याकाळी बसायचे आणि रोज चुकायचे. एक आखूड टिपका, एक लांब रेघ, यांच्या जोड्यांतून अक्षरं करायची. ए ते झेड. त्यांना ते तक्त्यासारखं डोळ्यांसमोर दिसायचं, कानाला काही लागायचं नाही. मी शेजारी मटार सोलत बसलेली असायची. एका संध्याकाळी माझा संयम संपला.

"डब्ल्यू कसा आहे म्हणालात?"

"टिपका, रेघ, रेघ."

"म्हणजे लघु, गुरु, गुरु. यगण झाला की हो. आणि एवढ्यावर तुम्ही पंधरवडा घालवलात?"

मराठी शाळेत गेलेल्याला हे वेगळं सांगायला नको, तरी सांगते. कवितेचं वृत्त मोजायचं तर अक्षर ऱ्हस्व असलं की लघु, दीर्घ असलं की गुरु. तीन अक्षरांचा एक गण. असे आठच गण होतात आणि ते आठही एका सूत्रात बसवलेले आहेत: यमाताराजभानसलगम्. कुठूनही तीन अक्षरं उचला, 'यमाता' म्हणा, 'मातारा' म्हणा, 'ताराज' म्हणा, त्या त्या गणाचं मोजमाप हातात येतं. माझे वडील पंचवटीत यात्रेकरूंचे उपाध्याय होते. घाटावरून येता-जाता त्यांनी ते माझ्याकडून इतकं घोकून घेतलं होतं की तापातही मी ते बरळायची.

मोर्समध्ये तीन खुणांची अक्षरंही आठच. डब्ल्यू, ओ, जी, के, आर, डी, एस, यू. सूत्राच्या क्रमानं एकही न चुकता. हे जमलं तेव्हा मी मटार तसेच टाकून उठले. कुणाला सांगू आणि कुणाला नको असं झालं होतं. मग बाकीची अक्षरंही मी तशीच बसवली आणि नवऱ्याला हातावर ताल देत शिकवायला लागले. लघुला एक मात्रा, गुरुला दोन. चार दिवसांत त्यांचा हात पळायला लागला. माझा तर त्यांच्याआधी पळायला लागला, म्हणून त्यांच्याबरोबर मीही परीक्षेचा अर्ज करून टाकला.

त्याच सुमारास त्यांनी एक डबा आणला. ॲल्युमिनियमचा, जेवणाचा, तळहाताएवढा. त्यात बॅटरी, मुंबईच्या जुन्या बाजारातून आणलेला क्रिस्टल, एक कॉइल, दोन ट्रान्झिस्टर, झाकणावर छोटं बटण. हातात धरून कुठेही नेता येईल असा सेट. झाडावर एक तार फेकली की झालं. आत्ता फक्त ऐकायचा भाग जोडलाय, पाठवायचा भाग लायसन आल्यावर जोडीन, असं ते म्हणाले. मी विश्वास ठेवला.

पुढं एका दुपारी, मला अर्धी सुट्टी होती तेव्हा, दारात हवालदार उभे राहिले. वय झालेलं, मिशा पिकलेल्या. नाव मल्हारी.

"गंगाधर मास्तरांचं घर हेच ना, बाई? बिनतारीच्या अर्जाचं आलोय."

मला वाटलं चौकशी आली. परीक्षेआधीच कशी आली हा प्रश्न डोक्यात यायला हवा होता, पण आनंदात माणसाचं डोकं चालत नाही. मी त्यांना खुर्ची दिली, चहा टाकला, वर शंकरपाळे ठेवले. घर स्वच्छ, भिंतीवर देव, कोपऱ्यात तानपुरा. सभ्य माणसांचं घर दिसावं म्हणून मी तानपुऱ्यावरची धूळसुद्धा पदरानं पुसली. मल्हारींनी चहा बशीत ओतून संपवला आणि खाली बघत म्हणाले, "चला मग. दोघांना बोलावलंय. लय टाइम नाय लागायचा. दिल्लीवरनं साहेब आलाय."

"दिल्लीहून? कशाला?"

"आमाला कोण सांगतंय, बाई? जीप हाय भाईर."

यशोदाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी जीप पाहिली, मला पाहिलं आणि काही न विचारता आत जाऊन दार लावून घेतलं. त्या दाराची कडी पडल्याचा आवाज ऐकला तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ही नुसती अर्जाची चौकशी नाही.

वाटेत कॉलेजमधून गंगाधरना घेतलं. ते कापडी पिशवी घेऊन आले आणि जीपमध्ये माझ्याशेजारी बसले. पिशवी मांडीवर घेतली, दोन्ही हातांनी धरली. रस्त्यात खड्डा आला तेव्हा पिशवीत डब्यावर डबा आपटला. सकाळी मी एकच डबा भरून दिला होता. मी त्यांच्याकडे बघितलं. ते समोर ड्रायव्हरच्या मानेकडे बघत होते आणि त्यांच्या ओठांवरचा रंग पार उडाला होता.

मला सगळं कळलं. त्यांनी पाठवायचा भाग केव्हाच जोडला होता आणि ते रोज कॉलेज सुटल्यावर गंगापूर धरणाच्या बाजूला फिरायला जायचे ते हवा खायला नव्हे. मला इतका राग आला की मल्हारी समोर नसते तर मी तिथेच त्यांना धरून हलवलं असतं. आणि रागाच्या खाली भीती, जी कमी होईना.

कचेरीतल्या त्या खोलीत एक मोठं टेबल होतं. टेबलावर टेपरेकॉर्डर, एक मोर्सचं बटण, कागद. पलीकडे दिल्लीचे साहेब, साठीकडे झुकलेले, चष्मा कपाळावर सरकवलेला. आमचे फौजदार बाजूला वही घेऊन बसले. मल्हारी दाराशी.

"नाव?" फौजदारांनी मला विचारलं.

"इंदिरा."

त्यांचा पेन थांबला. त्यांनी मान वर करून बघितलं, मी थट्टा तर करत नाही ना म्हणून. मग लिहिलं.

साहेबांनी काही न बोलता टेप लावली. खरखर, वाऱ्यासारखा आवाज आणि त्यातून बारीक शिट्टी. लघु गुरु गुरु. गुरु गुरु गुरु. गुरु गुरु लघु. यगण, मगण, तगण. पुढचं यायच्या आधी मला ऐकू येत होतं. आठ गण संपले की पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा, पुन्हा, घाटावर वडिलांच्या मागून चालताना मी म्हणायची तसे. गंगाधर परीक्षेची तयारी करत होते. जगाला ऐकवून.

साहेबांनी टेप बंद केली आणि एक कागद माझ्यापुढे सरकवला. त्यांच्या खात्यात न कळणारा मजकूर पाच-पाच अक्षरांच्या गटांत लिहायची पद्धत असते. डब्ल्यू ओ जी के आर, मग डी एस यू डब्ल्यू ओ, मग जी के आर डी एस. पानभर. तसं लिहिल्यावर माझं सूत्र मलाच ओळखू येईना.

"कोड आहे हा," फौजदार म्हणाले. "दिल्लीत मोठमोठी माणसं बसलीयत यावर. सिग्नल धरणाच्या बाजूनं येतो. धरणाच्या. कुणाला काय कळवताय तुम्ही लोक?"

'तुम्ही लोक' म्हणाले ते. समोरच्या वकिलांनाही कुणीतरी असंच 'तुम्ही लोक' म्हटलं असणार.

"सब को बुलाया है," साहेब शांतपणे म्हणाले. "नासिक से जिस जिस की अर्जी आयी है. हर आदमी का हाथ अलग होता है, मैडम. आवाज़ जैसा. और इस आदमी का हाथ तो अंधा भी पहचानेगा. इसका डैश छोटा है." त्यांनी बटण आमच्याकडे सरकवलं. आधी आलेल्यांनी पाठवून दाखवलं होतं, त्यांना सोडलं होतं. आता आम्ही दोघं राहिलो होतो.

मी विचार केला तो काही फार शहाणपणाचा नव्हता, पण झटपट केला. गंगाधरनी बटणाला हात लावला की संपलं. हात ओळखला जाणार, कोड त्यांच्या नावावर चढणार, आणि मांडीवरच्या पिशवीत सेट. कोड म्हणजे मिसा. मिसा म्हणजे वकील नाही, कोर्ट नाही, सुटायची तारीख नाही. तेव्हा आधी तो कोड मोडला पाहिजे. आणि खरं सांगितलं तर यांना ते खरं वाटेल का? मराठीच्या बाईंनी कवितेचे गण शिकवले, असं कुणी मला येऊन सांगितलं असतं तर मीच त्याला बाहेर उभं केलं असतं.

"साहेब, हा कोड नाही," मी म्हणाले. आवाज माझाच होता, पण वर्गात असतो तसा नव्हता. "हे व्याकरण आहे. शाळेतलं."

फौजदार हसले. मला ते हसणं आवडलं नाही आणि खरं तर त्यानंच मला धीर आला. वर्गात मागच्या बाकावरून असं हसणाऱ्यांना मी रोजच गप्प करत होते. मी दाराकडे वळले.

"हवालदार, शाळा कितवीपर्यंत झाली तुमची?"

मल्हारी दचकले. "सातवी फायनल, बाई. वणीला."

"गण होते ना? कसे म्हणायचात?"

त्यांनी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी मान हलवली. मल्हारींनी टाचा जुळवल्या, नजर छताला लावली आणि एका दमात म्हणून टाकलं, "यमाताराजभानसलगम्." मग जरा थांबून म्हणाले, "चुकलं की गुरुजी रूळ मारायचे, साहेब. बोटांच्या पेरावर."

"आता साहेब, पेन्सिल घ्या," मी म्हणाले. "मी तीन तीन अक्षरं म्हणते. आखूडला टिपका, लांबला रेघ." मी टेबलावर बोटानं ठोकत गेले. य-मा-ता. त्यांनी लिहिलं. मा-ता-रा. लिहिलं. ता-रा-ज. रा-ज-भा. चौथ्याला त्यांचा चष्मा कपाळावरून नाकावर आला. ज-भा-न, भा-न-स, न-स-ल. शेवटचं 'सलगम्' मी म्हणायच्या आत त्यांनी यू लिहूनही टाकला होता. डब्ल्यू ओ जी के आर डी एस यू. त्यांनी ती आठ अक्षरं पाच-पाचांच्या कागदाशी ताडून पाहिली.

"ये तो बच्चों का पहाड़ा है," ते म्हणाले. मग फौजदारांकडे वळले. "आपने भी पढ़ा था स्कूल में?"

"होय साहेब," फौजदार पडेल आवाजात म्हणाले.

मला वाटलं, सुटलो. मल्हारी मिशीतल्या मिशीत हसत होते. साहेबांनी पाच-पाच अक्षरांचा तो कागद घडी करून खिशात घातला आणि त्याच शांत आवाजात म्हणाले, "अच्छा. तो ये पहाड़ा बिना लाइसेंस हवा में किस ने भेजा?"

मी हा विचारच केला नव्हता. बिनतारीचा अर्ज केलेली, गण शिकवणारी बाई नाशकात एकच, तिनं मोर्समध्ये गण बसवले तेही स्वतःच्या घरात. मीच बोट दाखवून ठेवलं होतं. शेजारी गंगाधरनी तोंड उघडलं. मला ते डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं आणि मी टेबलाखाली त्यांच्या पायावर पाय दिला. चपलेची टाच अशी रोवली की त्यांना कळ लागली असणार.

"मी," मी म्हणाले. "मी पाठवलं."

बाईमाणसाला, त्यातून शाळेतल्या बाईला, एकदम आत घालणार नाहीत असा माझा हिशेब होता. तो चूक होता. आत बायकाही होत्या, पण ते मला पुढं कळलं.

"सेट?"

मी गंगाधरच्या मांडीवरची पिशवी घेतली. म्हणजे घ्यायला गेले, त्यांची बोटं सुटेनात. मला ओढावी लागली. मी डबा काढून टेबलावर ठेवला. साहेबांनी आधी बटण माझ्यापुढे केलं. मी पाठवलं. लघुला एक मात्रा, गुरुला दोन, वडिलांनी शिकवलं तसं.

"वही हाथ," साहेब म्हणाले. "दो का डैश किस ने सिखाया? डैश तीन का होता है."

"गुरु दोनच मात्रांचा असतो, साहेब."

"आपके स्कूल में. मोर्स में तीन."

एवढ्या भीतीतसुद्धा मला त्यांच्याशी वाद घालावासा वाटला. घातला नाही, एवढी देवाची कृपा.

त्यांनी डब्याचं झाकण उघडलं. आतल्या सगळ्या जोडण्या एकसारख्या, चकचकीत, एकही तार लोंबत नव्हती. त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. बोटांना खडूची पूड होती. मग गंगाधरच्या हातांकडे बघितलं. कथिलानं भाजल्याचे डाग होते, जुने, नवे. मग पुन्हा माझ्याकडे.

"मैडम, इस कॉइल में कितने फेरे हैं?"

मला माहीत नव्हतं. मी तो डबा उघडून कधी पाहिलाच नव्हता. साहेब थांबले. माझ्याकडे बघत नव्हते ते, गंगाधरकडे बघत होते. रागानं नाही. वर्गात एखाद्या मुलीला येतंय हे ठाऊक असतं आणि आपण तिनं हात वर करायची वाट बघतो, तसे थांबले होते. मल्हारींनी पाय बदलला. फौजदारांनी घसा साफ केला. गंगाधर टेबलाच्या कडेकडे बघत राहिले.

"आठवत नाही," शेवटी मी म्हणाले.

साहेबांनी झाकण लावलं आणि डबा आपल्या बॅगेत टाकला. "पढ़ानेवाले भूल जाते हैं," ते म्हणाले. सेट जप्त. यापुढं एक टिपका जरी हवेत आला तर दोघांवर खटला. फाइल बंद करणार नाही. मी चुकून 'थँक्यू' म्हणाले, त्यावर त्यांनी मान वरसुद्धा केली नाही.

आम्ही घरी चालत आलो. जीप नको म्हणालो. अशोकस्तंभ ओलांडला तेव्हा गंगाधर म्हणाले, "बावीस."

"काय बावीस?"

"फेरे."

घरी येऊन मी आधी शंकरपाळ्यांची बशी विसळली आणि मग मोरीत बसून रडले.

त्यानंतरचे महिने कसे गेले ते मला नीट सांगताही येत नाही. रस्त्यावर जीप थांबली की मी खडू हातात धरून तशीच उभी राहायची, मुली वळून बघायच्या. गंगाधरनी कथिल, तारा, बझर सगळं पोत्यात बांधून माळ्यावर टाकलं. रेडिओसुद्धा लावेनात. मी म्हणायची, अहो, बातम्या ऐकायला कुणाची बंदी आहे? ते उठून बाहेर जायचे. यशोदाबाईंनी खोल्या सोडायला सांगितल्या नाहीत, पण आमच्याशी बोलणं सोडलं.

मग निवडणुका झाल्या, माणसं सुटली, समोरचे वकील घरी आले. भाजीवालीपाशी लोक पुन्हा मोठ्यानं बोलायला लागले. मी दिल्लीला पत्र घातलं, आमच्या अर्जांचं काय झालं म्हणून. उत्तर आलं की दोन्ही अर्ज ठीक आहेत, कसलीही फाइल नाही, परीक्षेला या. मी नाचतच ते पत्र गंगाधरना दाखवलं. त्यांनी ते वाचलं, माझ्या हातात परत दिलं. "तू दे," म्हणाले.

मी दिली. गुरु तीन मात्रांचा करायला मला वर्ष गेलं. वडिलांशी बेइमानी करतेय असं वाटायचं. पण पास झाले, चौकशीला मल्हारीच आले, त्यांना पुन्हा शंकरपाळे दिले, आणि यथावकाश माझ्या नावाची खूण आली. गच्चीवरची तार गंगाधरनीच बांधली. सेटचं काही बिघडलं की मी खोलीबाहेर गेल्यावर दुरुस्त करायचे. मी बोलायला बसले की मात्र ते घरात थांबायचे नाहीत. मी दर वर्षी म्हणायची, परीक्षा द्या, आता कुणाची भीती आहे? ते हसायचे. मला वाटायचं, भीती अजून निघाली नाही, निघेल.

पंच्याऐंशी साली बाहेरून सेट मागवायची सोय झाली आणि माझ्याकडे जपानी सेट आला. मुठीत मावणारा, वर बोटभर एरियल, बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. तो उंचावरून किती लांब जातो ते बघायला आम्ही वणीला गेलो, तिथून गडावर. देवीचं दर्शन घेऊन एका बाजूच्या कट्ट्यावर बसलो. खाली सगळा मुलूख पसरलेला. मी बटण दाबून माझी खूण सांगितली आणि नाशकातून लगेच आवाज आला, स्वच्छ, अगदी शेजारच्या खोलीतून यावा तसा. मला इतका आनंद झाला की मी सेट तसाच त्यांच्यापुढे धरला.

"धरा. धरायला लायसन लागत नाही. नुसतं ऐका."

त्यांनी दोन्ही हात मागे घेतले.

माझं डोकं फिरलं. इतकी वर्षं गिळलेलं सगळं तोंडावर आलं. "किती दिवस शिक्षा करणार आहात स्वतःला?" मी म्हणाले. "तुम्ही बोलणारच होतात. मी पाहिलं होतं. मी पायावर पाय दिला म्हणून गप्प बसलात. माझं ऐकलंत, एवढाच काय तो गुन्हा. बोलला असतात तर आत गेला असतात आणि मी रांगेत उभी राहिले असते तुरुंगाच्या दाराशी. मी केलं ते. मला पस्तावा नाही, मग तुम्हाला कसला?"

वाऱ्यानं त्यांचे केस उडत होते. आता पुष्कळ पांढरे झाले होते.

"मी बोलणार नव्हतो, इंदू," ते म्हणाले. "तोंड उघडलं ते श्वास लागला होता म्हणून. तू पाय दाबलास तेव्हा मला बरं वाटलं."

माझ्या हातातला सेट मला हाका मारत होता. नाशिकवाला माझी खूण पुन्हा पुन्हा घेत होता, विचारत होता, ऐकू येतंय का, ऐकू येतंय का. मी बटण दाबलं नाही.